भिंतीवरचे चुलते

पानशेतला माझ्या चुलतभावाची खानावळ आहे. तिथे गल्ल्यामागच्या भिंतीवर हार घातलेला जो फेटेवाला फोटो आहे, तो आमच्या चुलत्यांचा नाही. ते हॉलिवूडचे एक जुने नट आहेत. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मला जुन्या हॉलिवूडच्या नटनट्यांचे फोटो जमवायचा नाद आहे. भोरमध्ये पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला हा नाद का लागावा, ते मलाही सांगता येत नाही. यांतल्या बऱ्याच जणांचे सिनेमे मी पाहिलेलेही नाहीत. मला तो जाड, चकचकीत कागद आवडतो, आणि कधी एसटीच्या दाराला लोंबकळावं लागलं नसेल अशी निवांत बसलेली त्यातली माणसं आवडतात. माझ्यासारख्याच इतर नादिष्टांशी कुरियरने अदलाबदल चालते. बायको या सगळ्यांना 'तुमची गोरी पाहुणेमंडळी' म्हणते.

चुलते गेले, वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा भाऊ भोरला आला आणि ट्रंकेत सापडलेला एक फोटो त्याने माझ्या हातात ठेवला. चुलत्यांचा तेवढा एकच फोटो होता. तरुणपणी जत्रेत काढलेला. फोटोवाल्याने आपल्याकडची हॅट त्यांच्या डोक्यावर ठेवली होती आणि तिच्या सावलीत अर्धा चेहरा गेला होता.

"तुला फोटोतलं कळतं," भाऊ म्हणाला. "मोठा करून आण. आन् हॅट काढून फेटा घालाय सांग. श्राद्धाला बाप सायबाच्या टोपीत बरा दिसतो व्हय?"

आमच्याकडे यात नवल काही नाही. माणूस गेला की स्टुडिओत त्याला फेटा, कोट, हवं ते मिळतं. जन्मभर जे अंगाला लागलं नाही, ते भिंतीवर जाताना लागतं.

फोटो दुमडू नये म्हणून मी तो माझ्या फोटोंच्या पाकिटात सरकवला. आणि अदलाबदलीसाठी बाजूला काढलेलं तेच पाकीट न बघता कुरियरने पाठवून दिलं.

काही दिवसांनी पलीकडच्या माणसाचा मेसेज आला. बाकीचे सगळे ओळखले, फक्त हॅटवाला नट कळला नाही. दुय्यम कामं करणारा असावा, पण चेहऱ्यात दम आहे, तरी नाव कळवावं. मी घाईघाईने फोटो परत मागितला. तोवर त्याने तो परदेशातल्या कुणाला तरी देऊन टाकला होता. पुण्यालाही नाइलाज झाला तरच जाणारे माझे चुलते विमानाने गेले.

भावाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी मुळात कमी बोलणारा. त्यात आपली चूक असली की माझं तोंड शिवल्यासारखं होतं. मी संग्रह उपसला आणि मिशीचा मेळ बसेल असा एक नट काढला.

स्टुडिओवाले भाई माझ्या ओळखीचे. त्यांनी फोटो उजेडात धरला.

"हे कोण?"

"चुलते."

"काय करायचे?"

"शेती. वेल्ह्याकडं."

भाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. "लई गोरे होते म्हणायचे. जरा ऊन लावतो त्यांना."

त्यांनी चेहऱ्याला ऊन लावलं, डोळे काळे केले, फेटा बांधला, कोटाचा सदरा केला. बोटांत सिगारेट होती, तिथे गुलाबाचं फूल बसवलं. धूर मात्र काही केल्या निघेना. फ्रेमभोवती हार पडला तेव्हा लोकांना तो उदबत्तीचा वाटला. हॅटखालचा बापाचा तरणा चेहरा भावानेही कधी नीट बघितला नव्हता, त्यामुळे त्यालाही तो पटला.

श्राद्धाला एक म्हातारे पाहुणे फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "तरणेपणी असंच व्हतं. नाक बघा की." सगळ्यांनी नाक बघितलं. पुढे माझ्या पुतण्याने आजोबांसारखी म्हणून तलवारकट मिशी राखली. रविवारी पुण्याची माणसं पिठलं-भाकरी खायला येतात, ती त्याला विचारतात, नाटकात काम करतोस का. तो भिंतीकडे बोट दाखवतो. "आमच्या घराण्यातच हाय." मीही तिथे बसून मान डोलावली आहे.

काकूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. श्राद्धाच्या दिवशी तिने नुसता काचेवरून हात फिरवला होता. नंतर तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मीच तिला गाडीतून पानशेतला सोडलं. ती खानावळीत खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली. भाऊ आत भाकऱ्यांचं बघत होता. तिने मला जवळ बोलावलं.

"ह्यो त्येंचाच का रं?"

"व्हय, काकू."

"त्येंचा डावा डोळा वाईच बारीक व्हता."

"स्टुडिओवाल्यानं सारखा केला असंल."

तिने पदराने काच पुसली, परत बघितलं. मग म्हणाली, "म्याच इसरले म्हनायचं. दिसाया लागलं आन् ध्यान गेलं."

तेव्हा खरं सांगितलं असतं तर हसं झालं असतं, भावाने शिव्या दिल्या असत्या, पुतण्याने मिशी काढली असती. एवढंच. तरी मी चहा मागवला.

आता ती नातींना जवळ घेऊन त्या नटाकडे बोट दाखवते आणि जत्रेची गोष्ट सांगते. गोष्टीत पूर्वी तो बारीक डोळा यायचा. म्हणायची, हसले की तो पार मिटायचा. आता ते ती सांगत नाही. मागच्या खेपेला मीच आठवण काढली, तर म्हणाली, "न्हाई रं, माझंच कायतरी. फोटोत कुठं हाय तसं?"

तो फोटो मी अजून शोधतो आहे. अनोळखी माणसांना, त्यांना कळेल अशा भाषेत, हॅटवाल्या नटाबद्दल विचारत असतो. मिळेलसं वाटत नाही. पण पानशेतला जाऊन काकूला, ती आहे तोवर, एवढं सांगायचं देणं मी लागतो की फोटो खोटा आहे आणि तिला आठवत होतं ते बरोबर होतं.