सत्कार झाला, किडनी राहिली

"या बाईंना आधी कोणाचं रक्त दिलं होतं?" मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"नवऱ्याचंच, सर. दोन बाटल्या. मीच काढलं!" मी छाती काढून सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. लक्षण काही बरं दिसेना.

सत्तरच्या दशकात मी जालन्यात लॅब टेक्निशियन होतो. शांताबाईंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. त्यांचे यजमान, पिंपळगाव रेणुकाईचे वाघमारे गुरुजी, एक किडनी द्यायला तयार. मी दोघांचे ग्रुप तपासले. दोघंही बी पॉझिटिव्ह. "जुळलं!" मी जाहीर करून टाकलं.

गावानं लगेच गुरुजींचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणा मी. मलाही शाल मिळाली. मी अवयवदानावर पाऊण तास बोललो. शांताबाई मागं भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आणि गावानं मलाच जाणकार म्हणून मुंबईला सोबत धाडलं.

तिथं क्रॉसमॅच झाली. म्हणजे पेशंटच्या रक्तातल्या पाण्यात डोनरच्या पांढऱ्या पेशी सोडायच्या आणि बघायचं. गुरुजींच्या पेशी मेल्या.

"अँटिबॉडी म्हणजे शरीराचे पहारेकरी," डॉक्टर म्हणाले. "बाळात बापाचा अंश असतो. तीन बाळंतपणांत या पहारेकऱ्यांनी त्यावरून नवरा ओळखून ठेवला असणार. उरलीसुरली ओळख तुमच्या बाटल्यांनी करून दिली. आता त्याची किडनी बसवली, तर ते तिला दारातच मारतील."

गुरुजींचा चेहरा पडला. "म्हंजे माझं काहीच चालत न्हाई का?"

"घरात तरी कुठं चालून राह्यलं तुमचं?" शांताबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "अंबडच्या माझ्या भावाला इचारा की. त्यो पहिल्याच दिवशी देतो म्हणला व्हता."

"मंग तेव्हा का नाही सांगितलं, बाई?"

"तुमचं भाषण चालू व्हतं."

भाऊ एस्टीनं आला. ग्रुप बी. क्रॉसमॅचमध्ये त्याच्या पेशी जिवंत राहिल्या. ऑपरेशन झालं, आणि शांताबाईंना लघवी झाल्याचं ऐकून गुरुजी वॉर्डाबाहेर ढसाढसा रडले. परतताना त्यांनी आपली शाल अंबडच्या स्टँडवर मेहुण्याच्या खांद्यावर टाकली. ना हार, ना भाषण.

तेव्हापासून मी 'जुळलं' म्हणत नाही. 'ग्रुप सारखा' एवढंच लिहितो. आणि आधी पेशंटलाच विचारतो. माझी शाल अजून आहे. मायक्रोस्कोपवर धूळ बसू नये म्हणून टाकतो.