नऊ पुरुष आणि मी

शेजारचे दानियलकाका गेले. आमच्या गावातली बेने इस्रायलांची बहुतेक घरं कधीच इस्रायलला निघून गेलेली, त्यामुळे दफनाला त्यांचे नऊच पुरुष जमले. मृतासाठीची कद्दिश ही प्रार्थना दहा यहुदी पुरुष असल्याशिवाय म्हणत नाहीत. दानियलकाकांचे थोरले भाऊ, अब्राहमकाका, कबरीभोवतीच्या माणसांवरून पुन्हा पुन्हा नजर फिरवत होते.

"मी उभा राहू का?" मी विचारलं. "स्तोत्रं पाठ आहेत मला."

"ठाऊक आहे रे. आमच्या दावीद राजाचीच ती. पण तू ख्रिस्ती. तुला धरता येत नाही."

मला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. चपलेत वाळू शिरली होती, तेवढी टोचत होती. एकच विचार डोक्यात फिरत राहिला. आमचा येशू यहुदी आईच्या पोटचा, आठव्या दिवशी सुंता झालेला. तो इथे येऊन उभा राहिला असता, तर त्याला दहावा धरलं असतं. त्याच्यामागे गेलो म्हणून मी बाहेर. आणि दूरदेशी माझ्या धर्माच्या लोकांनी त्याच्याच नावानं यहुद्यांना किती गावांतून हाकललेलं.

कद्दिश झालीच नाही.

"मेंढपाळाचं स्तोत्र म्हणू या," अब्राहमकाका म्हणाले आणि त्यांनी हिब्रूत सुरुवात केली. मीही तेच मराठीत पुटपुटू लागलो. त्यांचं आधी संपलं. माझ्या दोन ओळी उरल्या होत्या.

फावड्यांना हात घातलेले ते नऊजण माझं संपेपर्यंत थांबले.