मृत्यूची सासू

अक्षरबाईंना गल्लीत सगळे अक्षरबाईच म्हणत, कारण चित्रकथेतल्या पात्रांच्या तोंडून जे फुगे निघतात त्यांतली अक्षरं काढणं हा त्यांचा धंदा होता. चित्रं त्यांचा नवरा काढी. त्याला लोक उस्ताद म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला ठेवलं होतं आणि इतक्या वेळा सांगितलं होतं, की लोकांनी कंटाळून मान्य करून टाकलं.

हात त्याचा चांगला होता, हे बाईसुद्धा नाकारत नसत. पण हाताच्या वरचं सगळं, म्हणजे खांदे, मान आणि डोकं, त्यांच्या मते फुकट गेलेलं होतं. चहा प्यायला की कप तिथेच सोडायचा, ब्रश पडद्याला पुसायचा आणि वर 'कलावंताला असल्या गोष्टी सुचत नाहीत' म्हणून मोकळं व्हायचं. कलावंताला भूक मात्र बरोबर वेळेवर सुचत असे.

दोघं मिळून एक चित्रकथा करत, मृत्यूच्या कुटुंबाची. यातला मृत्यू चारचौघांसारखा संसारी माणूस. सकाळी डबा घेऊन कामावर जाणार, संध्याकाळी दमून घरी येणार. घरात बायको, दोन कार्टी आणि ठाण मांडून बसलेली सासू. अख्ख्या जगाला उचलून नेणारा हा गडी, पण सासूला काही त्याला उचलता येईना. म्हातारी मरायचं नावच घेत नव्हती. ही कथा छापणारं मासिक दर महिन्याला निघे आणि लोक आधी सासूचं पान उघडत.

कल्पना उस्तादचीच. ती चांगली होती आणि त्याला आयुष्यात सुचलेली एकुलती एक होती. लिहायला बसला की मात्र त्याच्या अंगात काहीतरी संचारे. मृत्यू दारातून आत येतोय, एवढं साधं चित्र, आणि याचा मजकूर काय, तर 'मी काळाचा अधिपती! माझ्या चाहुलीने सम्राटांची सिंहासने डळमळतात!' पहिल्याच अंकाला एवढं सगळं फुग्यात बसेना. फुगेही यानंच काढलेले, लिंबाएवढे.

"अहो, हे मावत नाही," बाई म्हणाल्या. "जरा कमी करू का?"

"कर काय करायचं ते. मला चित्रातून उठवू नकोस."

बाईंनी आधी सिंहासनं काढली. मग सम्राट काढले. मग अधिपतीही काढून टाकला आणि फुग्यात लिहिलं, 'दार लावा गं कुणीतरी, डास येतात.' कोपऱ्यात सासू नुसतीच बसली होती. तिला त्यांनी स्वतः एक फुगा जोडून दिला: 'घरातला एक डास मरत नाही यांच्याच्यानं, आणि म्हणे मृत्यू.'

लोक पोट धरधरून हसले. उस्तादनं अंक हातात घेऊन रंग कसे उठलेत ते पाहिलं आणि मिटला. आपणच लिहिलेलं आपण काय वाचायचं, असं त्याचं म्हणणं. पुढं तसंच चालू राहिलं. तो लिही, बाई खोडून नवं लिहीत, लोक हसत, आणि लोक आपल्या रेषेला हसतात असं हा चारचौघांत सांगत सुटे.

बाईंनी त्याला कधी सांगितलं नाही. भीती वगैरे काही नव्हती. माणसाला सांगावं, दगडाला काय सांगायचं? शिवाय म्हातारी आता त्यांची झाली होती. दिवसभर जे जिभेवर येऊन परत गिळावं लागे, ते ती बेधडक बोलून टाकी. उस्तादनं जेवताना नाक मुरडलं, की पुढच्या अंकात सासू जावयाला ऐकवी, 'तुमच्या हातून गेले ते सुटले. आम्हाला रोज वाढावं लागतं.' पाहुण्यांविषयी म्हणे, 'आमच्याकडून निघताना कुणी येतो म्हणत नाही.' एकदा उस्ताद सर्दी झाली म्हणून आठवडाभर पांघरूण घेऊन कण्हत पडला होता. तेव्हा सासू म्हणाली, 'इतकी मरणं बघितली या घरात, पण पुरुषाच्या सर्दीइतकं अवघड मरण नाही बघितलं.' तो फुगा बायकांनी कापून स्वयंपाकघरातल्या कपाटांवर चिकटवला.

अशातच संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीची बाई घरी आली. चटपटीत, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिनं खेळ समजावून सांगितला. खेळणाऱ्यानं मृत्यूच्या घरी भाडेकरू म्हणून राहायचं. सासूशी गप्पा मारायच्या. तिच्या बोलण्याला तोडीस तोड उत्तर दिलं की जगायला आणखी एक दिवस मिळणार. ती कंटाळली, की जावयाला हाक मारणार. मग खेळ खलास.

"सगळा खेळ सासूच्या तोंडावर आहे," ती म्हणाली. उस्ताद गंभीरपणे मान डोलावत होता.

ती गेल्यावर बाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे काहीतरी मागितलं. "अहो, खेळावर माझंही नाव घालायला सांगा. इतकी वर्षं केलंय मी हे."

उस्तादला मनापासून हसू आलं. "अगं, पाट्या रंगवणाऱ्याचं नाव पाटीवर असतं का? तुझं अक्षर सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? पण खेळातली अक्षरं मशीन काढणार." मग काहीतरी आठवून म्हणाला, "हां, त्यांना मजकूर पाठवायचाय. छापलेला नको, तू त्यात काटछाट केलेली असतेस. माझे मूळ कागद पाठव."

बाईंना तेव्हाच सांगता आलं असतं. पण ज्याला बायकोचं नाव जड झालं, त्याला तिची जीभ तरी कशाला हवी? त्यांनी माळ्यावरून सगळे कागद उतरवले. सम्राट, सिंहासनं, काळाचे अधिपती, सगळ्यांवरची धूळ झटकली, खोक्यात भरलं आणि दोरी घट्ट आवळली.

खेळ तयार झाल्यावर कंपनीनं दोघांना चाचणीला बोलावलं, म्हणजे बोलावलं उस्तादला. चित्रांची मोठी बॅग धरायला कुणीतरी हवं म्हणून त्यानं बाईंना नेलं. लांबट खोलीत ओळीनं संगणकाचे पडदे मांडले होते आणि प्रत्येकापुढे मासिकाचा एकेक जुना वाचक बसला होता. पडद्यावर मृत्यूचं घर दिसलं, आरामखुर्चीतली सासू दिसली, तशी सगळी मंडळी सरसावून बसली. मग सासूनं तोंड उघडलं.

'हे मर्त्य मानवा! जीवनाच्या क्षणभंगुरतेचा तू कधी विचार केला आहेस काय?'

कुणी हसलं नाही. एकानं पुन्हा बटण दाबून पाहिलं. सासू म्हणाली, 'काळाच्या उदरात सर्व काही विलीन होते.' एका मुलीनं मोठी जांभई दिली. मागे बसलेला एक जाडा माणूस म्हणाला, "ही कोण? आपली सासू रजेवर गेली काय?" त्यावर सगळे हसले, आणि हसणं तेवढंच झालं. थोड्या वेळानं लोक सासूला मुद्दाम कंटाळा आणू लागले, म्हणजे लवकर मरून घरी जाता येईल.

कंपनीतली बाई उस्तादला बाजूला घेऊन म्हणाली, "आमची सासू कुठंय? ती नसेल तर हा खेळ काही चालायचा नाही." उस्ताद मशीनला बोलला, सासूचा आवाज काढणारीला बोलला, वाचकांची अक्कल काढली. अक्षरबाई बॅग धरून उभ्या होत्या. त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या आणि त्याची जराही लाज वाटत नव्हती.

घरी आल्यावर उस्तादनं मासिकाचे जुने अंक काढले आणि ते वाचायला बसला. खरोखरच वाचायला. बाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. जरा वेळानं बाहेरून फिस्सकन हसल्याचा आवाज आला, मग खोखो हसण्याचा. बाईंची सुरी थांबली. सगळं गाव हसलं होतं, पण यातली निम्मी वाक्यं ज्याला मारलेली होती तो एकटा आजवर हसला नव्हता. मनात नसताना त्यांना फार बरं वाटलं.

उस्ताद डोळे पुसत आत आला. "अगं, काय लिहायचो गं मी! ही पुरुषाची सर्दी! काय निरीक्षण आहे! आता नाही राहिला तसा हात."

"ते तुम्ही नाही लिहिलेलं," बाई म्हणाल्या. "मी लिहिलंय. पहिल्या अंकापासून, सगळं."

बाई वाट बघत होत्या. रागावेल, ओशाळेल, निदान खाली तरी बघेल. त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे मजकूर आहे आपल्याकडे! मग आधी नाही का सांगायचं?" आणि त्यानं कंपनीला फोन लावलासुद्धा. "हॅलो, सापडला हो मजकूर, घरातच होता. तुमच्याकडे चुकून कच्चा गेला. हो हो, माझाच! नवा हवा तर तोही देतो, लागेल तेवढा." फोनवर हात दाबून तो बाईंकडे वळला. "देशील ना गं लिहून?"

"माझं नाव घालणार का, विचारा."

"आता कुठं ते! नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं?"

बाईंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि सासू कोण बोलते, ते पलीकडच्या बाईला स्वच्छ सांगितलं.

"मला वाटलंच होतं काहीतरी," ती म्हणाली. "पण ताई, खेळाची खोकी छापून झालीत हो. त्यांचं एकट्याचं नाव आहे. पुढच्या वेळी नक्की बघू. अंकातली वाक्यं खेळाला पुरायची नाहीत. आत्ता नवा मजकूर तेवढा द्या, नाहीतर सासूचं काही खरं नाही."

बाईंनी मनाशी हिशोब केला. हो म्हटलं तर म्हातारी घराघरात बोलणार होती, आणि लोक शाबासकी या माणसाच्या पाठीवर देणार होते. नाही म्हटलं तर ती गेलीच. जावयाला जे जमलं नव्हतं, ते त्यांना स्वतःच्या हातानं करावं लागणार होतं.

"नाव त्यांचं आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग शब्दही त्यांचेच असू द्या. यापुढं मासिकातसुद्धा." आणि फोन ठेवून दिला.

उस्ताद ओरडला, रडला, माझं वाटोळं केलंस म्हणाला. त्याचं बाईंना काही म्हणजे काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते म्हातारीचं. दुसऱ्या दिवशी नव्या अंकाचं पान समोर आलं. सासूचं तोंड उघडं होतं, फुगा रिकामा होता, आणि तिचं वाक्य बाईंच्या जिभेवर आयतं आलं होतं, झकास वाक्य. ते त्यांनी गिळलं, उस्तादचा कागद जवळ ओढला आणि त्यातला शब्दन् शब्द सुबक अक्षरांत उतरवला. घरचं माणूस गेल्यावर रडतात तशा त्या रडत होत्या. शाई वाळल्यावर त्यांनी पान नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते न वाचताच छापायला पाठवलं.