पाटीवरची आत्या

ज्या माणसाचं नाव मी सगळ्यात आधी घ्यायला हवं ते म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती पायरी मला तिने चढवली. आम्ही राहायचो उल्हासनगरजवळ विठ्ठलवाडीला, चाळीतल्या एका खोलीत. शेजारी दिवसभर जीन्स शिवायच्या मशिनी चालायच्या. त्या आवाजात मला पाढेसुद्धा पाठ होत नसत. पाचवीत नापास झालो तेव्हा आत्या आली आणि वडिलांना म्हणाली, "पोरगा मला दे." माझं दप्तर तिने आपल्या भाजीच्या टोपलीत घातलं आणि मला आपल्या गावी, जांभूळला, घेऊन गेली.

तिला अक्षरओळख होती, पण जेमतेम. तरी पहाटे मला उठवून ती पडवीत समोर बसायची, वाल सोलत. मी डुलकी घेतली की एक वाल टप्पकन कपाळावर यायचा. "वाच," म्हणायची. मी काय वाचतोय ते तिला कळत नसे. मी थांबलोय हे मात्र बरोबर कळायचं.

तेव्हा मी तिला 'आते' म्हणायचो. आमच्याकडे तसंच म्हणतात. बदलापूरच्या शाळेत जायला लागलो तशी तीच एकदा म्हणाली, "आते काय बोलतंस? शिकलेली पोरं आत्या बोलतात. तू पन आत्या बोल." मला ते जमेना. 'आते' म्हणायला तोंड उघडायचं आणि मध्येच शाळा आठवायची, मग दोन्हींच्या मधलंच काहीतरी बाहेर पडायचं आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. पुढे जमलं. तिला भाऊ एकच, आणि त्या भावाला मी एकटाच. म्हणजे तिला आत्या म्हणणारा माणूस जगात एकच. तिचा मुलगा तिला आई म्हणायचा, गाव 'अमक्याची आई' म्हणायचं. आत्या हा शब्द माझा होता. आम्ही दोघांनी मिळून तो कमावला होता, असं मी मानायचो.

पुढे मी बी.कॉम. झालो, अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेब बघायला लागलो. दुपारी डबा खाताना फोनवर हॉटेलांचे फोटो बघायची मला सवय लागली. मोठी, काचेची हॉटेलं नव्हेत. चुन्याच्या भिंती, तांबडी जमीन, एका झाडाखाली एकच खुर्ची, अशी. त्यांना बुटीक हॉटेल म्हणतात हे मला फोननेच शिकवलं. आत्याला एकदा तिथे न्यायचं, तिने नुसतं बसायचं आणि दुसऱ्या कोणीतरी तिला चहा आणून द्यायचा, हे मी मनाशी धरून ठेवलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत वर्षं गेली.

आणि मग माझ्या आतेभावाने आत्याच्या घराचंच तसलं हॉटेल केलं.

तो माझ्याहून लहान. दहावीनंतर त्याने पुस्तकाला हात लावला नाही. रेती-विटांचा धंदा केला, जमिनींची मध्यस्थी केली. आजूबाजूच्यांनी शेतं बिल्डरांना दिली, तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. याने मात्र घर विकलं नाही. मुंबईहून एका डिझायनर मॅडमना घेऊन आला. त्यांनी पत्रे उतरवून कौलं चढवली, टाइल्स उखडून गुळगुळीत करड्या सिमेंटची जमीन केली, दिव्यांवर बांबूच्या टोपल्या उलट्या टांगल्या. पडवी, माळा, ओटी आणि गोठा अशा खोल्या झाल्या. सगळ्यात महाग खोली गोठा. 'इथे टीव्ही नाही, फक्त शांतता आहे' असं दारावर लिहिलं. आमच्या लहानपणी त्या घरात टीव्ही नाही म्हणून हाच भाऊ जमिनीवर लोळून रडला होता.

नावाचं काय झालं तेही सांगतो. मॅडम ओटीवर बसून विचारत होत्या, "आईंना गावात काय म्हणतात?" नेमका तेव्हाच मी उल्हासनगरहून खारीचा पुडा घेऊन पोचलो आणि सवयीने फाटकातूनच ओरडलो, "आत्या!" मॅडमनी टाळी वाजवली. "हेच! आत्या. सगळ्यांची आत्या." त्या दिवशी मीही हसलो. उलट मला थोडी ऐटच वाटली. पाटी लागली तेव्हा मात्र ती मी दोनदा वाचली. सागाच्या फळीवर पितळी अक्षरं, 'आत्या'. खाली नाव, गाव, नातं काही नाही.

त्यानंतर एकदा सहज आत्याला फोन केला. तोच नंबर, जो मला पाठ आहे, ज्यावर मी पास झाल्याचं, नोकरी लागल्याचं, मुलगी झाल्याचं सांगितलं होतं. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "नमस्कार, आत्यामध्ये आपलं स्वागत आहे. किती जण आहात?"

मी फोन ठेवला.

भावाचं मन मोठं, हे मला म्हणायलाच हवं. त्यानेच बोलावलं. "दादा, बुधवारी ये वहिनीला घेऊन. मिड-वीकला रूम खाली असतात. पडवी देतो तुला, तुझीच आहे ना ती!"

तुझीच आहे, आणि देतो. मी दोन दिवस त्या वाक्यावर विचार करत होतो.

बायको म्हणाली, "तुम्ही नक्की कोणावर जळताय? भावावर की पाहुण्यांवर?"

"मी कुठे जळतोय?"

"मग डबा न खाता परत का आणला?"

बुधवारी मुलीला माझ्या आईकडे ठेवून आम्ही गेलो. फाटकाशी आत्या उभी होती, नवी सुती साडी, हातात पितळेचं ताट. ताटात गूळ आणि पाणी. आमच्या मागोमाग मुंबईचं एक जोडपं गाडीतून उतरलं. तिने त्यांना गूळ दिला आणि मलाही दिला. त्या घरात मी वाढलो. तिथे मी आजवर कधी गूळपाणी घेतलं नव्हतं. शाळेतून यायचं, मोरीवर पाय धुवायचे, माठातलं पाणी आपल्या हाताने घ्यायचं. गूळ पाहुण्याला देतात. मी तो खडा तोंडात टाकला. चांगला सेंद्रिय गूळ होता.

पडवीत एक मोठा पलंग होता, वर पांढरी मच्छरदाणी. ज्या कोनाड्यात माझी पुस्तकं असायची तिथे नदीतले तीन गोटे मांडले होते, एकावर एक. बायको पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "अहो, किती छान केलंय!" छान होतंच. माझ्या फोनमधल्या कुठल्याही फोटोपेक्षा छान होतं. म्हणून तर जास्त जळत होतं. मी ज्या हॉटेलात आत्याला नेणार होतो, त्याची ती मालकीण झाली होती आणि मी तिथे फुकट राहायला आलो होतो.

दुपारी ओटीवर पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकट. मुंबईचा तो तरुण खूश होऊन ओरडला, "आत्या, अजून एक भाकरी मिळेल?"

"आणते हां, बेटा!" आतून आवाज.

बेटा! हा शब्द तिने आयुष्यात माझ्यासाठी वापरला नव्हता. मला ती 'बाला' म्हणायची, राग आला की 'मेल्या'. तरुणाची बायको म्हणाली, "आत्या, तुमच्या हाताला काय चव आहे!" मग तो म्हणाला, "आत्या, संध्याकाळी गोष्ट सांगाल ना?" ती जाता येता हसत होती. आत्या, आत्या, आत्या. मी मोडलेला भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला.

मला राहवलं नाही. ती आत गेल्यावर मी हाक मारली. फार मोठ्याने नाही. रोजच्यासारखी. "आत्या."

"आले हां, बेटा, दोन मिन्टं!"

तिने वळूनही पाहिलं नव्हतं. चुलीकडे तोंड, हात पिठात. तिला वाटलं, कोणी पाहुणा असेल. शेजारी बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. मी ताटाकडे बघत बसलो. ज्या आवाजाला ती पहाटे ओळखायची, जो थांबला की वाल फेकायची, तो तिला ऐकू आला नाही. गर्दीत माझी हाक हरवली होती, आणि ती गर्दी त्या एका शब्दात जमली होती.

मी उठलो. हात धुवायला मागे गेलो, स्वयंपाकघराच्या दारावरून. तिथे सुकटीची परात उघडी होती आणि खिडकीतून एक बोका अर्धा आत आला होता. आत्याची त्याच्याकडे पाठ. त्या क्षणी मी काही ठरवलं नाही. तोंडातून निघालं ते असं:

"ए आते, मांजर!"

तिने मागे न बघता उलथणं फेकलं. खिडकीच्या चौकटीवर ते खणकन आपटलं, बोका पसार. मग ती माझ्याकडे वळली. "मेल्या, नुसता बोंबलतंस काय? हाकलता येत नाय? हात कवाधरनं मोडलं?" आणि पुढच्याच श्वासात, "जेवलास का नाय बाला? ताटात सगलं तसंच दिसलं मला."

म्हणजे तिने ताट पाहिलं होतं.

भाऊ धावत आला. "दादा, हळू ना यार. गेस्ट आहेत. सायलेन्स कन्सेप्ट आहे आपला."

मागून मुंबईची ती बाईही आली होती. "आते म्हणजे काय, आत्या?"

आत्याने परात झाकली. "काय नाय," म्हणाली. "घरातलं हाय."

तेवढ्या दोन शब्दांवर मी उरलेली सगळी भाकरी खाल्ली असती. पण भावाचे डोळे चमकले होते. "आते! दादा, भारी आहे हे. एकदम ऑथेंटिक. मॅडमना सांगतो. किचनचं नाव 'आते' ठेवू. मेन्यूवर पण टाकू." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जे हाताला लागेल त्याचं सोनं करायचं हा त्याचा स्वभाव. पण मला त्याचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता. आत्या भाकरी थापत राहिली. होही नाही, नाहीही नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. फोन करायचा तर पुन्हा तो गोड आवाज. म्हणून वही काढली आणि पत्र लिहिलं. पोस्टातल्या माणसाने पत्ता वाचून विचारलं, "जांभूळ? रिक्षाने जाऊन सांगा ना, साहेब." मी म्हटलं, तोंडी सांगता येत नाही. पत्र असं होतं:

आते,

तू शिकवलंस तसं 'तीर्थरूप आत्यास' लिहायला हवं होतं. पण आत्या आता पाटीवर आहे, म्हणून आते लिहिलं.

अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाच.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तुझं घर फार सुंदर झालंय. तू नव्या साडीत उभी होतीस ते मला आवडलं. माझ्या मनात होतं की तुला एकदा अशा ठिकाणी न्यावं. मी नेलं नाही, त्याने ते ठिकाणच तुझ्या दारात आणलं. याचा मला हेवा वाटतो. पाहुण्यांचाही वाटतो. तू त्यांना बेटा म्हणतेस त्याचाही. मी शिकलो म्हणून हे लिहू शकतो, आणि मला तू शिकवलंस, म्हणून तुलाच लिहितोय.

आत्या सगळ्यांची होऊ दे. पाटी काढू नकोस. मी हाक मारली आणि तू ओळखली नाहीस, त्याचं वाईट वाटलं, पण चुलीपाशी आवाज होता हे मी समजतो. मागणं एकच आहे. आते हे नाव किचनवर लावू देऊ नकोस, मेन्यूत घालू देऊ नकोस. त्याला तू सांग. मी सांगितलं तर भांडण होईल. तू म्हणालीस ना, घरातलं हाय. ते घरातच राहू दे.

येत्या बुधवारी येतो. पडवी ठेवू नकोस माझ्यासाठी, कोणी येणार असेल तर देऊन टाक. गूळपाणी नको. मी मागच्या दाराने येईन. वाल सोलायचे असतील तर ठेव.

तुझा भाचा

ता. क. सुकट झाकून ठेवत जा.