चीजची कड आणि दुसऱ्याची गाडी

आमच्या फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात कागदात गुंडाळलेला एक पिवळा, वाळका तुकडा होता. बोटभर लांब आणि लाकडासारखा टणक. पाडव्याच्या आधी बायकोने आवराआवर काढली आणि दोन जुन्या लोणच्यांबरोबर तो तुकडाही कचऱ्याच्या बादलीत गेला. तिला वाटलं, जुना साबण असेल. फ्रिजमध्ये साबण कोण ठेवेल, हा प्रश्न तिला पडला नाही. आवराआवर करताना तिला कुठलेच प्रश्न पडत नाहीत.

तो साबण नव्हता. ती चीजची कड होती आणि आमच्या सुनेने ती येताना इटलीहून, तिच्या आईच्या स्वयंपाकघरातून आणली होती. चीज संपलं तरी तिकडे ही कड कुणी टाकत नाही. घेवड्याचं सूप करताना ती पातेल्यात सोडतात, तासभर शिजली की मऊ होते आणि सगळ्या सुपाला तिची चव येते. घरची आठवण अगदीच अनावर झाली की एकदा ते सूप करायचं, म्हणून तिने ती जपून ठेवली होती. हे सगळं आम्हाला नंतर मुलाकडून कळलं. त्या दिवशी तिने कप्पा उघडला, पाहिलं, बंद केला, ‘काही नाही, आई’ म्हणाली आणि धुण्याची बादली घेऊन गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. बादलीत कपडे नव्हते.

मुलगा तिकडे नोकरीला असताना त्यांचं लग्न झालं. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी कुपवाडच्या कारखान्यात पाठवलं, म्हणून दोघं आमच्याकडे सांगलीत राहायला आली. सून लग्नापासून मराठी शिकत होती. बायको ताटात जे वाढेल ते खायची आणि ‘छान’ म्हणायची. पण पाच महिन्यांत तिचे गाल बसले होते. त्या संध्याकाळी मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबा, तिला इथं जमत नाहीये. मे महिन्यात परत जायचं म्हणतोय आम्ही.” मी ‘बरं’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण मला फार वाईट वाटलं. कितीतरी वर्षांनी घरात सकाळी चार कप चहा होत होता.

परत जाण्याचं आणि त्या ‘साबणा’चं बायकोला कळलं तेव्हा ती बराच वेळ भांडी विसळत उभी राहिली. ती सातारा जिल्ह्यातली, कोरेगावकडची. तिकडची माणसं जीव लावतात, पण ‘माझं चुकलं’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नाहीत. शेवटी ती नळ बंद करून म्हणाली, “अहो, ते जे काय असतं ते आणा. कितीला का मिळेना.”

परदेशी वाणसामान विकणारं एक दुकान विश्रामबागेत नवीन झालं होतं. सुनेला ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ही मैत्रीणही परदेशातलीच. तिचा नवरा साताऱ्याजवळ पवनचक्क्यांच्या कामावर आहे. ती दर पंधरा दिवसांनी माल यायच्या दिवशी साताऱ्याहून गाडी करून सांगलीला येते, ऑलिव्हच्या बाटल्यांसाठी. मला हे वेडच वाटलं होतं. मग आठवलं, मुलगा तिकडे गेला तेव्हा मी कुरियरने भडंग पाठवलं होतं आणि कुरियरचा खर्च भडंगाच्या किमतीच्या चौपट झाला होता. 

चारचाकी मुलगा कामावर नेतो, म्हणून शनिवारी मी सुनेला माझ्या मोटारसायकलवर घेऊन निघालो. काळी, शंभर सीसीची, पंधरा वर्षांची गाडी. अशी गाडी आमच्या जिल्ह्यात दर दुसऱ्या दारात उभी असते.

आता गाडी लावण्याविषयी. मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांच्या बांधांचे तंटे वीतवीत मोजून मिटवले. त्यामुळे तिरकी गाडी लावून निघून जाणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. त्या दुकानासमोर तर नुसता बुजबुजाट होता. एकाच्या मागे एक, त्याच्या मागे आडवी तिसरी. मी एक नीट जागा शोधली, गाडी सरळ लावली आणि हँडल लॉक केलं. तेवढ्यात दारातला रखवालदार ओरडला.

“ओ काका, हँडल लॉक करू नगा! गाड्या हलवायला लागत्यात.”

“हलवायची कशाला? मी सरळ रेषेत लावलीय.”

“रेषा कुठं हाय?”

“मी धरलेली आहे,” मी म्हणालो.

आजूबाजूचे हसले. आमच्याकडचा रिवाजच आहे तसा. बाजारात गाडी लावायची ती हँडल मोकळं ठेवून, गिअर न्यूट्रलला टाकून, म्हणजे ज्याला वाट पाहिजे तो ती सरकवतो आणि आपली काढतो. मला हा रिवाज कधीच मान्य नव्हता. पण सुनेने माझ्या बाहीला हात लावला आणि हळूच म्हणाली, “बाबा, लोक थांबले.” पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी हँडल मोकळं ठेवलं.

दुकानात गारवा होता आणि किमती वाचून मला आणखीच गार वाटलं. साताऱ्याची मैत्रीण आधीच आली होती. त्या चीजचा एकच तुकडा उरला होता आणि तो तिने टोपलीत टाकला होता. सुनेचा चेहरा उतरला. मग दोघींचं काहीतरी भराभर बोलणं झालं. मला शब्द कळले नाहीत, पण ‘आई’ म्हणताना सुनेने डोळे पुसले ते दिसलं. मैत्रिणीने दुकानदाराकडून तुकडा मधोमध कापून घेतला आणि कडेची बाजू सुनेला दिली. अर्ध्याच्या पैशात आमच्याकडे महिनाभराचं दूध आलं असतं. मी ते मोठ्याने म्हणालो नाही, याची नोंद व्हावी.

चीज आमच्या कापडी पिशवीत घातलं. लग्नाचा बस्ता बांधला की कापडवाला देतो ती, घरोघरी असलेली पिशवी, लाल अक्षरांची. ती मी नेऊन गाडीच्या हुकाला अडकवली, कारण मैत्रीण कॉफीचा आग्रह करत होती आणि आमच्या गावात गाडीच्या पिशवीला कुणी हात लावत नाही. दहा मिनिटांची कॉफी पाऊण तास चालली. बाहेर आलो तर मी लावलेल्या जागी, अगदी सरळ रेषेत, काळी गाडी आणि तिच्या हुकाला लाल अक्षरांची पिशवी. किल्ली लावली, फिरली, गाडी एका किकमध्ये सुरू झाली. घरापर्यंत गाडी अशी पळाली की मी सुनेला म्हणालो, “बघ, आजचं पेट्रोल चांगलं आहे.”

घरी बायकोने पिशवी उलटी केली. त्यातून मेथीच्या दोन जुड्या निघाल्या, सुतळीचा गुंडा, पावशेर शेव आणि नुकतीच धार लावलेली एक कात्री.

मी बाहेर धावलो. गाडी काळी होती, पण नंबर आमचा नव्हता. वाट काढताना कुणीतरी माझी गाडी सरकवली होती आणि तिच्या जागी ही उभी राहिली होती. माझी किल्ली झिजून झिजून इतकी गुळगुळीत झाली आहे की ती कुणाच्याही कुलपात फिरते, हे मला ठाऊक होतं. जागा माझी म्हणजे गाडी माझी, या मोजणीवाल्याच्या खात्रीने मी नंबरच पाहिला नव्हता. पंधरा वर्षं लोकांना गाडी लावण्याची शिस्त शिकवली आणि शेवटी भर दिवसा दुसऱ्याची गाडी चोरून आणली. चीज मात्र गेलं होतं.  सुनेने ती कात्री उचलली, बोटं नेमकी घातली, दोनदा उघडमिट केली आणि म्हणाली, “ही द्राक्षाची.” तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी स्वतःला शिव्या घालण्यात गुंग होतो.

सीटखाली सर्व्हिसिंगचं कार्ड सापडलं, त्यावर फोन नंबर होता. बायकोने फोन स्पीकरवर ठेवायला लावला.

“आवं काका, तुमीच व्हय ते!” पलीकडचा माणूस, तासगावकडचा एक द्राक्षशेतकरी, हसायलाच लागला. “मी इथं तासगावच्या म्होरं घरापतुर आलो, वाटंत तीनदा बंद पडली. म्हटलं, हिला आज झालंय तरी काय!” त्याचीही किल्ली माझ्यासारखीच झिजलेली. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, चूक दोघांचीबी.

“पिशवीत एक पिवळा तुकडा होता,” मी विचारलं. 

“हाय की. लय वास मारतोय. आमाला वाटलं नासलाय.”

“मग? टाकला?”

“न्हाई वो! दुसऱ्याची वस्तू, आपल्याला कळत न्हाई म्हणून टाकायची व्हय? आईनं वल्या फडक्यात गुंडाळून रांजणापाशी ठिवलाय.”

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिने डबे काढल्याचा आवाज आला. माहेरचा वाघ्या घेवडा ती सणासुदीला काढते. तो तिने निवडायला घेतला आणि भिजत घातला. सुनेकडे न बघता म्हणाली, “उद्या सुपाला लागेल ना?”

रविवारी सकाळी मी आणि सून त्या शेतकऱ्याच्या गाडीवरून माधवनगर ओलांडून तासगावच्या रस्त्याला लागलो. गाव तासगावच्या पुढे होतं. त्याचं घर बेदाण्याच्या शेडला लागूनच होतं. शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षं सुकत होती. सून दारातच थांबली. तिने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, “माझे आजोबा.” मग मला कळलं की तिचे आजोबा डोंगरउतारावर द्राक्षं लावायचे, अशीच सुकवायचे. पाच महिने आमच्या घरात राहून तिने हे सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही फक्त ‘जेवलीस का’ विचारत होतो.

शेतकऱ्याच्या आईने फडक्यातला तुकडा तिच्या हातात दिला. “पोरी, खात्यात व्हय हे?” सुनेने कोपरा मोडून एक कपचा बेदाण्याबरोबर म्हातारीच्या तळहातावर ठेवला. म्हातारीने चघळून पाहिलं. “खारट हाय. पर बेदाण्यासंगं बरं लागतंय,” असं म्हणून तिने पुन्हा हात पुढे केला.

गाड्यांची अदलाबदल झाली, कात्री परत केली. सुनेने ती पुन्हा मागून घेतली, बागेत गेली आणि एका वेलाची वाळकी काडी डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या जागेच्या, वर, तिरकी, एका घावात कापून दाखवली. शेतकरी जवळ येऊन ती काडी निरखू लागला.

“आयला, हात बसलाय की हिचा! आता पंधरवड्यात खरड छाटणी हाय. पर खरी, फळाची छाटणी ऑक्टोबरला. तवा या, मजुरी दितो!”

“येते,” सून म्हणाली. तोही हसला, मीही हसलो. माझी खटारा गाडी वाटेत दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मी किका मारता मारता मे आणि ऑक्टोबर यांचाच विचार करत होतो. बोलायला मागे ती होती, पण विचारायचं धाडस झालं नाही.

दुपारी कोरेगावच्या घेवड्यात इटलीची कड शिजली. सगळी नाही. सुनेने कडेचा अर्धाच तुकडा पातेल्यात सोडला होता. बायकोने पहिली वाटी संशयाने घेतली आणि दुसरी मागून घेतली. आम्ही चौघं जेवत असताना मुलाने सुनेला विचारलं, “मेची तिकिटं आज बघू ना? नंतर महागतात.”

सुनेने चमचा खाली ठेवला आणि त्याला मराठीतच उत्तर दिलं, म्हणजे ते आम्हालाही कळावं.

“नको. ऑक्टोबरला मला तासगावला काम आहे.”

मुलाने तिच्या वाटीत आणखी सूप वाढलं. सूप गरम असल्याचं नाटक करून मी डोळे पुसले. बायको रिकाम्या वाट्या उचलून आत गेली. संध्याकाळी पाण्याची बाटली घ्यायला मी फ्रिज उघडला, तर दारातला कप्पा रिकामा केलेला होता. लिंबं, लोणची सगळी खाली गेली होती. कप्प्यात फक्त ओल्या फडक्यात गुंडाळलेला तुकडा होता आणि त्यावर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘सूनबाईची कड आहे. माझं चुकलं होतं.’