आईच्या बोटांवर आळ

"वायफाय बंद करून परत चालू करून पाहा," असं कुणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. ते मी केलं होतं. दिवसातून वीस वेळा केलं होतं. फोन बंद करून चालू केला, विमानाचं चिन्ह लावलं आणि काढलं, नेटवर्क 'फरगेट' केलं, पासवर्ड पुन्हा घातला. कॅपिटल अक्षर चुकलं म्हणून परत घातला. शेवटी फोनच्या पोटात शिरून सगळ्या नेटवर्कची सेटिंगही पुसून टाकली. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो कॉल मात्र लागत नव्हता.

माझी आई जन्मापासून बहिरी आहे, आणि हिवरखेडला दिलेली तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशीही. दोघी शाळेत गेल्या नाहीत. लहानपणी दोघींनी मिळून हातांची एक भाषा तयार केली आणि ती पुरती येणारी माणसं जगात दोनच आहेत. वडिलांना अर्धी यायची. अमरावतीला मास्तरीण असलेल्या माझ्या बहिणीला बरीचशी येते. मला जेव, ये, गोळी घे, बस झालं, एवढं येतं. त्यापुढचं मी तोंडाने मोठ्याने बोलतो. ऐकू न येणाऱ्या बाईशी मोठ्याने बोलणं किती मूर्खपणाचं आहे, हे मला कळतं, तरी बोलतो.

पूर्वी या बहिणी वर्षातून दोनदा भेटायच्या, तेव्हा बोलायच्या. मग मावशीच्या सुनेने व्हिडिओ कॉल सुरू करून दिला. सून चार वाजता कामातून मोकळी होते, चार ते साडेचार तिचा फोन मावशीचा. आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, पुढे माझं वह्यापुस्तकांचं दुकान, मागे आईची खोली. भिंती दीड हात जाड, त्यामुळे मागे मोबाईलची रेंज शिरत नाही. म्हणून वायफाय घेतलं. पावणेचारला आई वेणी घालायची, लुगडं बदलायची आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून बसायची. तिला बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात.

होळी झाली आणि कॉल अडकायला लागला. आपलं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, "हॅलो, हॅलो" करत आपण वेळ निभावतो. या दोघींचं चित्र अडकलं की संपलं. मावशीचा हात अर्ध्यावर उचललेला दिसायचा आणि आई तो हात खाली येण्याची वाट पाहत फोनकडे टक लावून बसायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला ते बघवत नव्हतं.

ज्यांच्याकडून वायफायची वायर घेतली होती त्यांच्या ऑफिसात रोज फोन लावला. रोज एकच प्रश्न, राउटर बंद करून चालू केला काय? आठव्या दिवशी त्यांचा माणूस आला. दुकानात काउंटरजवळ उभा राहिला, स्वतःच्या फोनवर स्पीड पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, नेट त फर्स्टक्लास चालून राह्यलं. तुमच्या फोनातच काई असन." मागच्या खोलीत चल म्हटलं तर त्याला दुसरीकडे जायची घाई. असा संताप आला होता की त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यावी.

बहीण अमरावतीहून समजावत होती. ती सांगेल तसं मी काउंटरवर बसून करत गेलो, आणि कॉल लागला. मावशी इतकी स्वच्छ दिसली की तिच्या कपाळावरचं गोंदण मोजता आलं असतं. फोन घेऊन आत धावलो, आईच्या हातात दिला, आणि एका मिनिटात चित्र थिजलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मग मी माझ्या अकलेप्रमाणे निष्कर्ष काढला. माझ्या हातात चालतं, आईच्या हातात बंद पडतं, म्हणजे आईच काहीतरी दाबते. तिचा हात फोनवरून झटकला आणि ओरडलो, "काय दाबलं व माय तुनं? कायले हात लावतं त्याले?"

तिला शब्द ऐकू आले नाहीत. पण चेहरा वाचणं हेच तिचं आयुष्यभराचं ऐकणं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

एकदा तिला दुकानात काउंटरमागे बसवून पाहिलं. कॉल छान चालला, पण हातवारे करणारी म्हातारी पाहून रस्त्यावरची माणसं थांबली. एक बाप्या तर तिची नक्कल करून सोबत्याला हसवत होता. त्याला मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याच्यावर तुटून पडलो तेवढ्यात आई उठून आत गेली होती. त्यानंतर तिने पावणेचारला वेणी घातली नाही. मी फोन पुढे धरला की मान हलवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवण अर्ध्यावर आलं. मी घाबरलो होतो, आणि मी घाबरलो की अजूनच चिडतो, हा माझा जुना रोग आहे.

मे महिन्यात कूलरचा पंप बंद पडला. अकोल्यात मे महिन्यात कूलरशिवाय म्हातारं माणूस ठेवता येत नाही, म्हणून गल्लीतल्या कूलरवाल्या चाचांना लगेच बोलावलं. त्यांनी कूलर ओढून बाहेर काढला, गवताच्या ताट्या सोडवल्या. तेवढ्यात चार वाजले. मावशीच्या सुनेने कॉल करणं सोडलं नव्हतं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पलंगावर पडलेला फोन उजळला, मी उचलला, तर मावशी दिसत होती आणि तिचे हात चालत होते. आईच्या खोलीत, आईच्या पलंगाजवळ, दहा मिनिटं ते चित्र अडकलं नाही. पंप बसवून चाचांनी कूलर परत खिडकीत सरकवला आणि मावशीचा हात हवेत थांबला.

मी त्यांना कूलर पुन्हा काढायला लावला. हात चालू झाला. चाचा माझ्याकडे आणि फोनकडे पाहत राहिले. "भाऊ, हे लोखंडाची पेटी, अन तिच्यात टाकीभर पानी," ते म्हणाले. "एवढी एकच खिडकी होती दुकानातून आत यायले, ते तुमी बुजवून टाकली. मंग तुमचं वायफाय येईन कुठून?"

जुना छोटा कूलर गंजला म्हणून होळीनंतर मीच हा मोठा आणला होता. आईला ऊन लागू नये म्हणून मीच तो दुकान आणि तिची खोली यांच्यामधल्या खिडकीत बसवला होता. खिडकीला लागून, दुकानाच्या बाजूच्या फळीवर राउटर. वायर लांबवून राउटर आईच्या खोलीत न्यायला पाच मिनिटं लागली. ऑफिसवाले, फोन, कंपनी, आई, सगळ्यांना शिव्या घालण्यात मी दोन महिने घालवले होते.

दुसऱ्या दिवशी हातापाया पडून आईला फोनसमोर बसवलं आणि मी दारात उभा राहिलो. थोड्या वेळाने तिचे हात सुटले. ती मावशीला काय सांगते आहे ते अर्धंमुर्धं मला कळलं. डाव्या तळव्यावर तिने उजवं बोट भराभर दाबून दाखवलं, मग त्याच बोटावर स्वतःच चापट मारली. मग माझ्याकडे हात करून काहीतरी जोडल्याची खूण केली. मी वेडंवाकडं दाबत होते, माझ्या बोटांनी बिघडलं, याने नीट केलं. मावशीने फोनमधून मला हात जोडले.

मी पुढे होऊन दोघींच्या मध्ये बसलो. चूक माझी होती, हे मला सांगायचं होतं. जेव, ये, गोळी घे, बस झालं. पन्नाशी उलटली, आईच्या भाषेत मी फक्त हुकूम शिकलो होतो. छातीवर हात मारला, तिच्या बोटांकडे दाखवून मान हलवली, परत छातीवर हात मारला. मला स्वतःचाच इतका राग आला होता की तो चेहऱ्यावर आला असणार.

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. फोनमध्ये मावशी अगदी स्पष्ट दिसत होती, आईच्या हातांची वाट पाहत.