घिसाडघाई

"कानस घे आणि ती टिंबं घासून काढ. बाहेरचे परीक्षक चहा पिऊन यायच्या आत."

सरांनी कानस माझ्या पुढ्यात फेकली. टेबलावर आपटून खाली आली, माझ्या पायापाशी पडली. वर म्हणाले, "तुझ्या घिसाडघाईनं माझी अकरा पोरं नापास व्हायची वेळ आणलीस."

अकरा पोरं भिंतीला टेकून उभी. त्या शब्दाला वरीसभर खिदळणारी पोरं त्या दिवशी गप व्हती.

कॉलेज बारामतीतलं. नाव सांगत न्हाय. डिप्लोमाचं पहिलं वरीस, वर्कशॉपची परीक्षा. मी घिसाड्याची पोरगी. इंदापूरच्या बाजाराला खुरपी-विळ्यांना धार लावायची, ऊसतोड सुरू झाली की माळेगावच्या बाजूला पाल टाकून कोयते घडवायचे, हे आमच्या घरचं काम. आबा तापलं लोखंड सांडशीत धरायचा, आय घण मारायची, मी भाता हलवायची. आमच्यात घण बाईच मारती. मारून मारून आयचा उजवा खांदा आता वर जात न्हाय, केस बांधायला मी लागते.

माल मनासारखा झाला की आबा पोगर, म्हंजे भोकं पाडायचा टोकदार दांडा, घ्यायचा आन ठोकून तीन बारकी टिंबं उमटवायचा. एक धरणाराचं, एक घण मारणारीचं, एक भाता हलवणारीचं. म्हंजे एक टिंब लहानपणापासनं माझं.

कॉलेजात वर्कशॉपच्या पहिल्याच तासाला सरांनी हत्यारं दाखवली. करवत, रंधा, छिन्नी, कानस. सांधे कसे जोडायचे ते सांगितलं. लाकडाला कुसू, पत्र्याला रिबीट, लोखंडाला वेल्डिंग. आन शेवटी बोट वर करून म्हणाले, "सगळं सावकाश. घिसाडघाई चालणार नाही."

रणजितनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्याच्या घरचा ऊस, ट्रॅक्टर, चुलता कॉलेजच्या कमिटीत. तो हासला, मग सगळी हासली. सरबी हासले. त्यांना म्हाईत व्हतं, हजेरीत माझी जात लिवलेली व्हती.

मीबी हासले. त्या हासण्याची मला आजबी लाज वाटती.

मग रोजचंच झालं. कुणाचा खिळा वाकडा गेला, घिसाडघाई. कुणाचं माप चुकलं, घिसाडघाई. चूक त्यांची, नाव आमचं. अरं, लाकूड तुमची वाट बघत बसतं, पत्राबी बसतो. तापलं लोखंड बसतं व्हय? लाल हाय तवर सात-आठ ठोके, तेवढ्यात आकार आला पायजे. काळं पडलं की पुन्हा भट्टीत. आमची घाई म्हंजे आमची अक्कल हाय. पण हे तवा मला बोलता आलं न्हाय. शब्द ऐकला की मान खाली जायची, बास.

भट्टीचा तास आला. काम व्हतं सांडशीचं. दोन पाय घडवायचे, मधी रिबीट तापवून ठोकायचं. रिबीट घट्ट बसलं तर सांडशी उघडत न्हाय, सैल ऱ्हायलं तर भांडं सुटतं. माझी सांडशी पहिल्या तासात झाली. सरांनी उघडून-मिटून बघितली, आन म्हणाले, "तुझं झालं ना? मग यांचीही उरकून टाक. तुमच्या हाताला सवयच असते."

"माझी पयली कर," रणजित म्हणाला. "तुमचं काय, झटक्यात हुतंय."

मी केल्या. अकराच्या अकरा. कुणी मारून-मुटकून करवून घेतल्या न्हाईत, मी फुगले व्हते. वाटलं, आता तरी मला मानतील. मी घामाघूम भट्टीपुढं, आन ती पोरं शेजारच्या शेडमधी वेल्डिंग शिकत व्हती. "सर, माझा नंबर कवा?" म्हणलं तर सर म्हणाले, "तुला वेल्डिंग कशाला? तुझं भट्टीवर चाललंय की." माझ्या जर्नलात वेल्डिंगची पानं कोरी ऱ्हायली.

आन माझ्या हातानं एक चूक केली. चूक म्हणा, सवय म्हणा. सांडशी मनासारखी झाली की हात आपोआप पोगराकडं जायचा. रिबिटाच्या मागच्या अंगाला तीन टिंबं. बाराच्या बारा सांडश्यांना.

परीक्षेला बाहेरचे सर आले, ज्याचं त्यानं केलेलं काम तपासायला. त्यांनी रणजितची सांडशी उलटी केली. मग शेजारची उलटी केली, मग तिसरी. "ही खूण कुणाची?" आमच्या सरांनी त्यांना चहाला धाडलं, आन कानस माझ्या पायात आली.

मी खाली वाकले. कानस उचलली. हो, उचलली. वरीस जायची भीती व्हती. आबा सगळ्यांना सांगत फिरायचा, माझी पोरगी इंजनेर व्हणार. रणजितची सांडशी शिकंज्यात आवळली आन घासायला लागले. पहिलं टिंब गेलं. ते आबाचं. चकचकीत डाग ऱ्हायला निस्ता.

दुसरं टिंब आयचं व्हतं. कानस त्याच्यावर टेकवली आन माझा हात हालंना. तो खांदा डोळ्यापुढं आला. कानस टेबलावर ठेवली.

"सर, न्हाय काढणार."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ द्या."

बाहेरचे सर दारात आले. मी त्यांना मोठ्यानं सांगितलं, "बारा सांडश्या मी केल्यात. ही माझ्या घरची खूण हाय. ह्या सरांनी करायला लावल्या."

न्याय झाला म्हणाल, तर न्हाय. पोरांची परीक्षा आठ दिवसांनी पुन्हा घेतली, सगळी पास. मी नापास. दुसऱ्याचं काम करून दिलं म्हणून. सरांना कुणी काय विचारलं न्हाय.

घरी आबा भडकला. "दुसऱ्याच्या सांडशीवर आपली टिंबं कशाला मारलीस गं?"

"सांडशी दुसऱ्याची न्हवतीच, आबा."

आय म्हणाली, "पुढल्या साली वेल्डिंगला पयली उभी ऱ्हा."

उभी ऱ्हायले. पयली.

आता लोणी देवकरला एका कारखान्यात वेल्डिंग करते. हितं नियम हाय, प्रत्येक सांध्याशेजारी करणारानं आपला नंबर ठोकायचा. पहिल्या दिवशी नंबराचे पंच हातात दिले तवा आनंद न्हाय झाला, संताप झाला. ज्याच्यापायी माझं वरीस गेलं, त्याला हितं शिस्त म्हणत्यात.

आन तो शब्द हितंबी हायच. परवा सुपरवायझर येऊन म्हणाला, "मॅडम, घिसाडघाई नको हां."

मी मशीन बंद केलं. तोंडावरची काच वर सारली, हातमोजे काढले, खाली बसले.

"काय झालं?"

"शब्द मागं घ्या."

तो हासला. मी बसूनच. काम तुंबलं, माणसं जमली, अर्ध्या तासानं त्यानं शब्द मागं घेतला. न्हाय घेतला असता तर मी तिथंच बसले असते.

नोकरी गेली तरी बेहत्तर. ज्याला माझ्यापुढं हा शब्द उच्चारायचाय, त्यानं आधी भट्टीतनं लाल लोखंड काढावं, आन काळं पडायच्या आत एक सांधा बसवून दाखवावा. तवर मी मशीन चालू करणार न्हाय.